किनाऱ्यावरून वॉल डायव्ह: आराखडा परतीपासून आखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघांकडेही ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या पायरीचं, सर्टिफिकेट आहे, पण आजवरचे सगळे डायव्ह बोटीवरून आणि गाइडच्या मागोमाग झालेत. आता जिथे चाललात तिथे प्रवाळखडक किनाऱ्यालगतच सुरू होतो आणि थोडं आत गेलं की भिंतीसारखा सरळ खाली तुटतो; यालाच वॉल म्हणतात. गाइड न घेता दोघंच उतरावं का, समुद्राचा अंदाज कसा घ्यायचा, वॉलवर किती खोल जायचं आणि नायट्रॉक्स, म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं मिश्रण, घ्यायचा का?

उतरू शकता. मात्र पहिला डायव्ह तिथल्या माहितगार माणसाबरोबर करा आणि त्या डायव्हला वॉलच्या कडेवरून खाली जाऊच नका. बोटीवरून उतरताना बऱ्याच गोष्टी तुमच्या वतीनं दुसऱ्या कोणीतरी ठरवलेल्या असतात. कुठे उतरायचं, प्रवाह कुठल्या दिशेचा आहे, वर कुठे यायचं, हे सगळं गाइड बघतो आणि तुम्ही भलतीकडे वर आलात तर बोट तिथवर येते. किनाऱ्यावरून उतरलात की पहिली तीन कामं तुमची होतात आणि चौथं करायला कुणीच नसतं. म्हणून अशा डायव्हचा आराखडा उलटा, शेवटाकडून आखायचा. बाहेर कुठून पडणार ते आधी ठरवायचं. तिथवर पोहोचायला किती हवा लागेल ते मग मोजायचं. त्यावरून वॉल कधी सोडायची ते ठरतं आणि खाली घालवायचा वेळ म्हणजे त्यातून जो उरेल तो. बहुतेक लोक नेमकं याच्या उलट करतात. खोली आधी ठरवतात आणि परतीचं परत येताना बघू म्हणतात.

तेव्हा सुरुवात बाहेर पडण्याच्या जागेपासून. सामान गाडीतच राहू द्या आणि निदान पंधरा मिनिटं नुसतं पाणी बघत उभे राहा. लाटा सारख्या उंचीच्या येत नाहीत. बराच वेळ लहान लहान येतात आणि मग तीन-चार मोठ्या लाटांचा जथा येतो. दोन मिनिटं पाहून उतरणाऱ्याला तो जथा दिसलेलाच नसतो. तो दिसेपर्यंत थांबा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: या मोठ्या लाटांमध्ये, दमलेल्या अंगानं, पाठीवर टँक घेऊन मी इथून बाहेर पडू शकेन का? शंका वाटली तर त्या दिवशी तिथे उतरू नका. आत जाताना अंगात जोर असतो आणि लाट समोरून येताना दिसते. बाहेर येताना ती पाठीमागून येते.

नवख्या नजरेला फुटणाऱ्या लाटांच्या मधला गुळगुळीत, गडद पट्टा सगळ्यात सुरक्षित वाटतो. बऱ्याचदा तो खडकातला खोल चर असतो. लाटांनी खडकावरून आत ढकललेलं पाणी त्याच चरातून समुद्रात परत जातं. उतरताना तो तुम्हाला आयता बाहेर नेतो, परतताना मात्र त्याच पाण्याविरुद्ध झगडावं लागतं. अशा ओढीत सापडलात तर समोर जोर लावू नका. आधी बीसीडीत, म्हणजे तरंगण्यासाठीच्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये, हवा भरा, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका आणि ओढ संपली की मग आत वळा.

भरती-ओहोटीचा तक्ता बघायचा तो उतरण्याच्या वेळेसाठी आणि त्याहून जास्त परतण्याच्या वेळेसाठी. उतरताना ज्या उथळ खडकावरून सहज तरंगत गेलात, तासाभरानं तिथे गुडघाभर पाणी आणि त्याखाली नुसतं धारदार प्रवाळ अशी अवस्था असू शकते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ये-जा जोरात होते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत ती मंद असते आणि नव्या जागेची ओळख करून घ्यायला तेच दिवस बरे. वाऱ्याचंही तसंच. पुष्कळ उष्णकटिबंधीय किनाऱ्यांवर दुपारी समुद्रावरून वारा उठतो आणि सकाळी आरशासारखं असलेलं पाणी खवळतं. कॅरिबियनमधलं बोनेअर बेट किनाऱ्यावरच्या डायव्हिंगसाठी जगभर ओळखलं जातं, त्यामागे हाच हिशोब आहे. तिथे व्यापारी वारे पूर्वेकडून येतात, त्यामुळे पश्चिमेची बाजू बेटाच्या आडोशाला शांत राहते आणि बहुतेक जागा त्याच बाजूला आहेत. रस्त्याकडेला पिवळ्या रंगवलेल्या दगडांवर जागांची नावं असतात. तिथल्या सागरी उद्यानात पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला आधी ओळखीचा एक डायव्ह करावाच लागतो, अनुभव कितीही असो. तुमच्या ठिकाणी असा नियम नसला तरी तो स्वतःला लावून घ्या.

बाहेर पडण्याची आणखी एक जागाही ठरवून ठेवा, प्रवाह ज्या दिशेला नेईल त्या बाजूची. तिथपर्यंत किनाऱ्यानं पायी चालत जा आणि ती डोळ्यांनी बघून या. नकाशावर दिसणारी वाळू प्रत्यक्षात खडकाळ निघू शकते.

बाहेर पडण्याची जागा अख्ख्या डायव्हचा आकार कसा ठरवते, याचं चांगलं उदाहरण इजिप्तमध्ये लाल समुद्रावरच्या दहाबमध्ये आहे. तिथे ‘बेल्स’ नावाच्या खडकातल्या चिरेतून खाली उतरतात, भिंतीच्या कडेकडेनं ब्लू होल नावाच्या खोल विवरापर्यंत येतात आणि साधारण ६-७ मीटर खोलीवरच्या खडकाच्या उंबऱ्यावरून आत वळतात. बाहेर पडायची वाट त्या उंबऱ्यावरूनच आहे, म्हणून तिथे पोहोचेपर्यंत तुम्ही वर आलेले असायला हवं आणि टँकमध्ये पुरेशी हवा हवी. डायव्हची सगळी आखणी या एका आकड्यावरून होते. त्याच ब्लू होलमध्ये ५० मीटरपेक्षा खोल एक कमान आहे आणि ती एका टँकवर पार करण्याच्या नादात अनेकांनी जीव गमावलाय. त्यांच्या स्मृतिफलकांच्या ओळी किनाऱ्यावरच्या खडकावर आहेत.

आता पाण्यात उतरणं. सगळं सामान किनाऱ्यावरच तपासून घ्या. बडी चेक, म्हणजे बडीनं (डायव्हमधल्या जोडीदारानं) एकमेकांचं सामान तपासणं, लाटांमध्ये होत नाही. पाण्यात पाय टाकण्याआधी मास्क डोळ्यांवर, टँकमधली हवा देणारा रेग्युलेटर तोंडात, बीसीडीत थोडी हवा आणि फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) हातात. कॅमेरा, टॉर्च, गेज असं लोंबणारं काही ठेवू नका. पाय उचलून टाकण्याऐवजी तळावरून घासत न्या. वाळूत बसलेला स्टिंगरे त्यानं बाजूला होतो. दगडासारखा दिसणारा स्टोनफिश मात्र हलत नाही आणि काटेरी सी अर्चिन फारच हळू सरकतो, म्हणून जाड तळव्याचे बूट हवेतच. स्टोनफिश किंवा लायनफिशचा काटा लागलाच, तर तो भाग सहन होईल इतक्या गरम, फार तर ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा. ते विष उष्णतेनं निकामी होतं.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे गुडघाभर पाण्यात, नेमकी लाट फुटते तिथे थांबून फिन्स घालत बसणं. मोठा जथा ओसरला की न थांबता चाला, कमरेच्या वर पाणी आलं की बीसीडीवर तरंगा, एकमेकांचा खांदा धरा आणि मग फिन्स चढवा. तळाला गोल दगड असतील तर आणखी सावध. बालीमधल्या तुलांबेनचा किनारा असाच काळ्या ज्वालामुखी दगडांचा आहे. लाट मागे जाताना ते पायाखालून घरंगळतात आणि घोटा मुरगळतो. तरीही लोक तिथे रांग लावतात, कारण १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या टॉर्पेडोनं निकामी झालेलं ‘लिबर्टी’ हे जहाज किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर पडलेलं आहे. आधी ते किनाऱ्यावर होतं, १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी उसळला तेव्हा पाण्यात सरकलं. त्याच खाडीच्या पूर्व टोकाला खोल वॉलही आहे.

समुद्र शांत असेल तर वॉलपर्यंत पाण्यावरूनच, स्नॉर्केल लावून जा. हवा वाचते आणि वरून खडकाची मांडणी दिसते. निघण्याआधी किनाऱ्यावरची एखादी ठळक खूण आणि तुमची बाहेर पडण्याची जागा यांवरून कंपासची दिशा घेऊन स्लेटवर लिहून ठेवा. परतीची दिशा म्हणजे तिच्यात १८० अंश मिळवायचे किंवा वजा करायचे. पण कंपासपेक्षा महत्त्वाचं काम वॉलच्या कडेला पोहोचल्यावर असतं. तिथे थांबा, मागे वळा आणि परत येताना ही जागा कशी दिसेल ते नीट बघून घ्या. कडेची खोली किती, बाजूला मोठा स्पंज आहे का, वाळूची चिंचोळी पट्टी कुठून आत येते, हे लक्षात ठेवा. वॉलवर दिशा चुकणं अवघड असतं. जाताना भिंत डाव्या हाताला तर येताना उजव्या. माणूस चुकतो तो वर कुठे वळायचं यात. शंभर मीटर पुढे जाऊन वळलं की वर सगळं प्रवाळ एकसारखं दिसतं. आणि निघताना आधी प्रवाहाविरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर पाणी तुम्हाला घराकडे आणतं.

आता हवेचा हिशोब. तो आकड्यांतच करायला हवा. समजा टँक ११ लिटरचा, २०० बारला (बार हे दाबाचं एकक) भरलेला आणि तुम्ही पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा घेता. दर १० मीटरला दाब एका वातावरणानं वाढतो, म्हणजे १८ मीटरवर तो २.८ पट असतो. तिथे तुम्ही मिनिटाला ५६ लिटर वापरता, साधारण ५ बार. समजा त्या खोलीवर बडीची हवा संपली आणि दोघांना एकाच टँकवर वर यायचं आहे. घाबरलेला माणूस दीडपट हवा ओढतो. एक मिनिट सावरायला, मग मिनिटाला ९ मीटर या वेगानं वर, ५ मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (शरीरातला जादा नायट्रोजन निघावा म्हणून थांबणं) आणि शेवटचे ५ मीटर. या सगळ्याला मिळून सुमारे ७०० लिटर लागतात, म्हणजे ६५ बार. त्याला ७० धरा. वॉलच्या कडेपासून किनारा दहा मिनिटांवर असेल तर ६ मीटर खोलीवरून परत यायला आणखी ३० बार. म्हणजे टँकमध्ये १०० बार असताना तुम्ही वॉल सोडलेली असली पाहिजे. ‘५० बार राहिले की वर’ हा बोटीवर ऐकलेला नियम इथे चालत नाही. कडेपर्यंत पाण्याखालून पोहत गेलात तर तिथे पोहोचताना १७० बार उरतात आणि वॉलसाठी ७० बार मिळतात, म्हणजे १८ मीटरवर १४ मिनिटं: सात जायला, सात यायला. पाण्यावरून पोहत गेलात तर त्यात सहा मिनिटांची भर पडते. ३० मीटरवर हीच आकडेमोड केलीत तर दोघांना वर आणायला लागणारा साठाच ९५ बारच्या आसपास जातो आणि खर्च मिनिटाला ७ बारवर. तिथे मिळतात जेमतेम सहा मिनिटं. आकडे तुमच्या स्वतःच्या वापराचे घाला आणि दोघांपैकी ज्याची हवा लवकर संपते त्याच्यावरून ठरवा.

यातूनच खोलीचं उत्तरही निघतं. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर आहे आणि वॉलवर तुम्हाला त्याहून खोल जाण्याचं कारणच नाही. पण १८ मीटरवर राहणं इथे वाटतं तितकं सोपं नाही. साध्या खडकावर तळ तुम्हाला थांबवतो. वॉलवर खाली फक्त निळं असतं, पाणी नितळ असतं, ४० मीटरवरचं पंख्यासारखं सी फॅन हाताशी असल्यासारखं दिसतं आणि खाली जाताना काहीच जाणवत नाही. उलट खोलीबरोबर वेटसूट दबतो, त्याची तरंगशक्ती कमी होते, तुम्ही जड होता आणि आणखी खाली सरकता. ३० मीटरच्या आसपास नायट्रोजनची धुंदी चढू लागते, तेव्हा नजर खोली आणि वेळ दाखवणाऱ्या डायव्ह कॉम्प्युटरवर गेली तरी आकडा डोक्यात शिरत नाही. म्हणून भिंतीवरचा एखादा कोनाडा किंवा स्पंज डोळ्यांसमोर धरा आणि तो वर सरकतोय का ते बघत राहा. कॉम्प्युटर हातभर अंतरावर, थेट डोळ्यांसमोर आणून वाचायची सवय लावा. फोटो काढताना खास करून. दोघांपैकी एकजण कॅमेऱ्यात असेल तेव्हा दुसऱ्यानं खोली बघायची, हे आधीच ठरवून घ्या. आणि वॉलवर बडी नेहमी बाजूला, एकाच खोलीवर हवा. वर किंवा मागे असलेला बडी अडचणीच्या वेळी उपयोगी पडत नाही.

वॉलच्या टोकांना आणि कोपऱ्यांवर कधी कधी खाली ओढणारा प्रवाह लागतो. तुमचे बुडबुडे वर न जाता घुटमळताना किंवा खाली जाताना दिसले, किंवा मासे तोंड वर करून पोहताना दिसले की समजा. अशा वेळी नुसतं वर पोहण्याचा हट्ट धरू नका. भिंतीलगत या, जिवंत प्रवाळ नसलेला खडक धरा आणि धरत धरत वर आणि बाजूला सरका. भिंत हाताशी नसेल तर आडवं पोहून त्या पट्ट्यातून बाहेर पडा. बीसीडीत हवा घालावी लागली तर हात हवा सोडण्याच्या बटणाजवळच ठेवा, कारण प्रवाह संपला की तीच हवा तुम्हाला झपाट्यानं वर फेकते.

एवढं सगळं सांभाळून वॉल बघायची कशासाठी? कारण समुद्राचे इतके थर इतक्या थोड्या अंतरात दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. हिमयुगात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. आज आपण ज्या कड्यांसमोर तरंगतो त्यातले पुष्कळसे तेव्हा उघड्यावरचे कडे होते. प्रवाळाच्या ऊतींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांना सूर्यप्रकाश लागतो, म्हणून वर दाटी असते. जसजसं खाली जाल तसं प्रवाळ चपट्या तबकांसारखं पसरतं, जेवढा मिळेल तेवढा प्रकाश झेलायला. त्याखाली प्रकाशावर न जगणाऱ्यांचं राज्य सुरू होतं: स्पंज, सी फॅन, काळं प्रवाळ. १५ मीटरवर काळपट, मातकट दिसणाऱ्या स्पंजवर टॉर्च मारा, तो लालभडक निघतो. पाण्यानं लाल रंग पहिल्या पाच-दहा मीटरमध्येच शोषलेला असतो. म्हणून दिवसाही टॉर्च न्या. खोलीपेक्षा टॉर्चनं जास्त काही दिसतं. आणि मधूनमधून पाठ भिंतीला करून निळ्याकडे बघा. टूना, ईगल रे, कासवं तिकडून येतात आणि भिंतीत तोंड घालून बसलेल्यांना ती कधी दिसत नाहीत.

सगळ्यात खोल भाग आधी, मग हळूहळू वर आणि शेवट कडेच्या वरच्या उथळ खडकावर. किनाऱ्यावरच्या डायव्हचं खरं सुख या शेवटच्या टप्प्यात आहे. बोटीवरून आलेला डायव्हर ५ मीटरवर दोरीला धरून तीन मिनिटं मोजतो. तुम्ही त्याच खोलीवर दहा-पंधरा मिनिटं खडक बघत घराकडे येता आणि तेवढ्यात शरीरातला जादा नायट्रोजन हळूहळू निघत राहतो. घाई करू नका. पॅरटफिशच्या मागे थोडं रेंगाळा, प्रवाळ खरवडतानाचा त्यांच्या चोचीचा कुर्र कुर्र आवाज स्पष्ट ऐकू येतो. तो आवाज खडकाच्या तब्येतीचा आहे, कारण शैवाल खाऊन टाकणारे जीव नसले तर प्रवाळ त्याखाली गुदमरतं. कॅरिबियनमध्ये १९८३-८४ साली लांब काट्यांचे काळे सी अर्चिन रोगानं जवळजवळ नाहीसे झाले आणि त्यानंतर कितीतरी खडकांवर शैवाल माजलं. त्यात २०२३ पासूनच्या उष्णतेनं जगभर प्रवाळ पांढरं पडलं. म्हणून ही विनंती मनापासून: उथळ खडकावर उभे राहू नका, एका क्षणासाठीही नाही. किनाऱ्यावरून जाणारा प्रत्येकजण त्याच चार-दोन वाटा वापरतो आणि रोज पडणारे पाय त्या खडकाला उभं राहू देत नाहीत. वाळूच्या पट्टीतूनच आत जा आणि तिथूनच बाहेर या. हातमोजे घरी ठेवा. बोनेअरच्या उद्यानात त्यांना बंदीच आहे आणि ती योग्य आहे, कारण हातमोजे घातले की माणूस धरू लागतो.

परतताना जितकं जमेल तितकं पाण्याखालूनच या. वर बोटी असतात, म्हणून मध्येच वर यावं लागलं तर आधी एसएमबी, म्हणजे बोटींना दिसेल असा फुगवायचा तरंगता बोया, सोडा, तोही प्रत्येकाकडे आपापला. छातीभर पाण्यात थांबून मागच्या लाटा बघा. मोठा जथा गेला की शेवटच्या लाटेच्या पाठीवरून आत या. रेग्युलेटर तोंडातून आणि मास्क डोळ्यांवरून कोरड्या जमिनीवर पोहोचेपर्यंत काढू नका. फिन्स काढून लगेच उभं राहता येत नसेल तर चार पायांवर रांगत बाहेर या. जुने-जाणते डायव्हरही तसेच येतात. बाहेर आल्यावर मात्र लगेच २० किलोचं ओझं घेऊन चढ चढू नका. डायव्हनंतरचे जोराचे श्रम शरीरातले बुडबुडे वाढवतात. सावलीत बसा, पाणी प्या, मग सामान उचला. तुम्ही किती वाजेपर्यंत परत येणार हे किनाऱ्यावरच्या कोणालातरी सांगून ठेवलेलं असेल, तर त्यांना आधी कळवा.

राहिला नायट्रॉक्स. दिवसाला दोन-तीन डायव्ह आणि असे सलग काही दिवस असतील तर त्याचा कोर्स करून घ्या. नायट्रोजन कमी शिरतो आणि कॉम्प्युटरवर जास्त वेळ मिळतो. पण हवा त्यानं एक मिनिटही जास्त पुरत नाही आणि तुमचा डायव्ह हवेवरच संपणार आहे, म्हणून १८ मीटरवरच्या एकट्या-दुकट्या डायव्हला त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय ३२ टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाला ऑक्सिजनच्या १.४ बार दाबाच्या हिशोबानं ३३ मीटरची सीमा आहे. तिच्याखाली ऑक्सिजनच विषारी ठरू शकतो, झटके येऊ शकतात आणि वॉलवर ती सीमा राखायला तळ नसतो. घेतलात तर टँकमधलं मिश्रण स्वतः मोजा, टक्केवारी आणि कमाल खोली टँकवर लिहा आणि कॉम्प्युटरला तीच टक्केवारी लावा. परतीचं विमान शेवटच्या डायव्हनंतर १८ तासांच्या आत नसेल असं तिकीट आताच बघून ठेवा. नायट्रॉक्स वापरलात म्हणून ते तास कमी करू नका.